आग कुठंय ते मग बघू

गेल्या वीकांताला घरी, म्हणजे घाटंजीला जाऊन आलो. (यवतमाळ जिल्हा, कापसाचा तालुका. हापिसात हे दरवेळी सांगावं लागतं आणि त्यावर "म्हणजे नागपूरजवळ का?" हा प्रश्न येतोच. 'जवळ' म्हणजे किती, ते पुढे बघू.) रात्री जेवणं झाली आणि लाइट गेली. मग काय, सतरंजी घेऊन सगळे स्लॅबवर. स्लॅब म्हणजे पुण्यात ज्याला गच्ची म्हणतात ते.

आमच्या डोक्यावरून विमानं जातात. नकाशावर हैदराबाद ते दिल्ली सरळ रेघ ओढलीत तर ती घाटंजीच्या जवळपास डोक्यावरून जाते. लहानपणी आम्ही दिवे मोजायचो, आता फोनवरचं ॲप विमानाचं नाव, गाव आणि उंची सगळं सांगतं. त्या दिवशी एक जात होतं, तेहतीस हजार फुटांवर. आणि बहिणीला आठवायचं तेच आठवलं.

"दादा, तुझं विमान परत फिरलं होतं ना रे माझ्या साक्षगंधाच्या दिवशी?"

झालं. आता हा किस्सा सांगणं आलं. दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचं पुणे-नागपूर विमान, तिथून यवतमाळमार्गे घाटंजी, संध्याकाळी साक्षगंध. सगळं मिनिटामिनिटाने बसवलेलं. उडाल्यावर वीसेक मिनिटांनी विमान वळलं आणि घोषणा झाली की तांत्रिक कारणामुळे परत जातोय. उतरल्यावर कळलं, कॉकपिटमध्ये जळल्यासारखा वास आला होता. फक्त वास. धूर नाही, काही नाही. पुढचं विमान मिळेपर्यंत संध्याकाळ झाली आणि मी साक्षगंध व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

विमानात चिडलेल्यांमध्ये मी पुढे होतो. शेजारच्या काकांना मी, इंजिनिअरिंगची डिग्री असलेला मनुष्य, ठामपणे सांगितलं की सेन्सरचा फॉल्स अलार्म असणार, वास आला तर आधी कुठून येतोय ते तरी बघायचं, लगेच यू-टर्न कसला? काकांनी मान डोलावली. अजून दोघांनी डोलावली. हे सगळं आठवलं की आता कानकोंडं होतं, म्हणून हा लेख.

त्या रात्री स्लॅबवर मामाजी पण होते. ते वीस-बावीस वर्षं जिनिंगवर होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अबे, पायलटनं बराबर केलं." मग त्यांनी गठाणीची गोष्ट सांगितली. जिनिंगमध्ये कापसाबरोबर खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी पडते. कधीकधी ती ठिणगी रुईबरोबर प्रेसमध्ये जाते आणि १७० किलोच्या गठाणीत दाबून बांधली जाते. वरून काही दिसत नाही. आत मात्र ती धुपत राहते, तासन्‌तास, कधी दोन-दोन दिवस. मग गोदामात नुसता वास येतो. नवखा माणूस काय करतो? कुठल्या गठाणीतून येतोय ते हुंगत बसतो, एकेक पट्टी कापून बघतो. हवा लागली की भडका. मामाजींचा मुकादम म्हणायचा, "आग कुठी हाय थे मंग पाहजो, पयले गठान भायेर काढ." संशय आलेल्या सगळ्या गठाणी उघड्या मैदानात, एकमेकींपासून लांब. आणि मग राखण.

मी घरी परतल्यावर रात्री लॅपटॉप उघडून बसलो (लाइट आली होती), आणि विमानातल्या धुराबद्दल जे जे मिळेल ते वाचत गेलो. यात सगळ्यात जास्त वेळ ज्या केसने खाल्ला ती म्हणजे स्विसएअर १११.

२ सप्टेंबर १९९८. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं एमडी-११ विमान, आत २२९ माणसं. रात्री १०:१० ला, तेहतीस हजार फुटांवर, पायलटना कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. त्यांना वाटलं एसीचा असेल. १०:१४ ला त्यांनी 'पॅन पॅन' म्हणून कळवलं. 'मेडे'च्या एक पायरी खालचा इशारा, म्हणजे तातडीचं आहे पण जिवावरचं नाही. कंट्रोलरने कॅनडातलं हॅलिफॅक्स सुचवलं. तेव्हा हॅलिफॅक्स होतं ६६ नॉटिकल मैलांवर, म्हणजे साधारण १२२ किलोमीटर.

इथे मी थांबलो आणि घाटंजी ते नागपूर विमानतळ हवाई अंतर मोजलं. सुमारे १३० किलोमीटर. म्हणजे आमच्या स्लॅबवरून दिसलेलं ते तेहतीस हजार फुटांवरचं विमान जवळपास त्याच जागी होतं, जिथे स्विसएअर १११ होतं. घाटंजी नागपूरच्या 'जवळ' आहे की नाही याचं उत्तर तुम्ही विमानात कुठल्या सीटवर बसलाय यावर अवलंबून आहे. एसटीने आलात तर अर्धा दिवस जातो. विमानाला हे अंतर उलट कमी पडतं! पायलट लोकांचा ढोबळ हिशोब असा की दर हजार फूट खाली यायला साधारण तीन नॉटिकल मैल लागतात. तेहतीस हजारांना झाले शंभर मैल, म्हणजे १८५ किलोमीटर. नेहमीच्या पद्धतीने नागपूरला उतरायचं तर घाटंजी यायच्या बऱ्याच आधी खाली यायला सुरुवात व्हायला हवी. घाटंजीवर वास आला तर विमान अक्षरशः आपटल्यासारखं खाली आणावं लागेल, आणि तरी दहा-पंधरा मिनिटं जातीलच.

स्विसएअरच्या पायलटांचं हेच झालं. धावपट्टी तीस मैलांवर असताना ते अजून बरेच उंच होते आणि इंधनाने विमान जड होतं. मग उंची कमी करायला आणि इंधन समुद्रावर सोडायला ते विमानतळापासून दुसऱ्या दिशेला वळले. दरम्यान त्यांची चेकलिस्ट चालू होती. १०:२४ ला ऑटोपायलट बंद पडला आणि त्यांनी इमर्जन्सी जाहीर केली. १०:३१ ला विमान समुद्रात कोसळलं. पहिल्या वासापासून एकवीस मिनिटं. कोणीही वाचलं नाही.

आता ती चेकलिस्ट बघा, कारण आम्हा आयटीवाल्यांना ती वाचून गुदगुल्या होतील. धूर कुठून येतोय ते माहीत नसेल तर एक फिरवायचं बटण होतं, तीन जागा असलेलं. एका जागेवर फिरवलं की विमानाच्या विजेचा आणि हवेचा एक भाग बंद. थांबा. धूर कमी झाला का? नाही? पुढची जागा. पुन्हा थांबा. च्यायला, हे तर आमचं 'बायसेक्ट'! बग कुठल्या भागात आहे ते भाग बंद करत करत शोधायचं. अतिशय देखणी पद्धत. फक्त ही पूर्ण चेकलिस्ट करायला वीस ते तीस मिनिटं लागायची. कॅनडाच्या अपघात तपास मंडळाने १९६७ ते १९९८ मधल्या उडत्या विमानातल्या आगीच्या पंधरा केसेस तपासल्या, तर धुराची पहिली खूण दिसल्यापासून विमान हातचं जाईपर्यंत पाच ते पस्तीस मिनिटं गेली होती. म्हणजे डीबगिंग पूर्ण व्हायच्या आत सर्व्हरच शिल्लक नाही अशी शक्यता बरीच मोठी.

आणि अजून एक गोष्ट, जी वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. चेकलिस्टमधली एक पायरी होती केबिनची वीज बंद करणे. ती केल्यावर हवा फिरवणारे पंखे थांबले, छताच्या वरच्या पोकळीतल्या हवेची दिशा बदलली आणि आग कॉकपिटकडे ओढली गेली. शोधण्याच्या कृतीनेच आगीला वाट मिळाली. गठाणीची पट्टी कापण्यासारखंच की हे.

पायलटांना दोष देणं सोपं आहे, पण ते पुस्तकाप्रमाणे वागले. त्या पोकळीत धूर ओळखणारा सेन्सरच नव्हता. आणि तपास मंडळाने गणित मांडून दाखवलं की ते सरळ हॅलिफॅक्सकडे गेले असते तरी बहुधा वेळेत सुखरूप उतरू शकले नसते, इतक्या वेगाने आग पसरली. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'लगेच उतरले असते तर वाचले असते' असं जालावर बऱ्याच ठिकाणी बिनधास्त लिहिलेलं सापडतं. तसं नाही. पण पुढच्यांसाठी पुस्तक बदललं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने २००५ साली धुराच्या चेकलिस्टचा एक नमुना काढला, त्यात विमान वळवावं लागू शकतं हे अगदी वरच येतं. मास्क लावा, एकमेकांशी बोलता येतंय ना बघा, जवळच्या विमानतळाकडे निघा. शोधाशोध त्याच्या जोडीने, आणि उतरायची वेळ आली की ती अर्धवट सोडून.

मास्कबद्दल एक गोष्ट मला माहीत नव्हती. पायलटांचा मास्क एका हाताने पाच सेकंदांत लावता येतो आणि त्यात शुद्ध ऑक्सिजन दाबाने येतो, बाहेरचा धूर आत शिरत नाही. आपल्या डोक्यावरून पडतो तो पिवळा कप म्हणजे वेगळं प्रकरण. तो हवेचा दाब गेला तर आहे. त्यात केबिनमधलीच हवा मिसळते, म्हणजे धूर असेल तर तोच धूर नाकात. त्यामुळे धुरात पिवळे मास्क सोडत नाहीत, आणि 'मास्क का नाही पाडले' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. रुमाल ओला करून नाकाला लावायचा आणि खाली वाकायचं, एवढंच आपल्या हातात.

धुराचा दुसरा त्रास म्हणजे दिसत नाही. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून उडालेल्या यूपीएसच्या ७४७ मालवाहू विमानात बॅटऱ्यांचा माल पेटला. दोहा जवळ होतं, पण ते दुबईकडे परतले. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला, को-पायलटला समोरचे काटे दिसेनात, आपण किती वेगात आणि किती उंचीवर आहोत हे तो रेडिओवरून दुसऱ्या विमानांमार्फत विचारत होता. दोघेही गेले. त्याउलट १९७३ साली वॅरिग कंपनीच्या ७०७ च्या पायलटांनी पॅरिसच्या ओर्ली विमानतळाच्या पाचेक किलोमीटर अलीकडे, बाजूच्या उघड्या खिडकीतून बघत बघत, विमान शेतात उतरवलं. तोवर मागचे बहुतेक प्रवासी धुराने गेलेले होते. १३४ पैकी ११ वाचले. आग लागली होती मागच्या टॉयलेटमध्ये आणि संशय होता सिगारेटवर. विमानात सिगारेट बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी टॉयलेटच्या दारावर ॲश-ट्रे का असतो, हा प्रश्न मला कायम पडायचा. कारण हेच: कोणीतरी लपून ओढणारच, आणि मग थोटूक कागदाच्या डब्यात जाण्यापेक्षा तिथे विझलेलं बरं. माणसावर भरवसा न ठेवता केलेलं डिझाइन. आवडलं आपल्याला.

आता आपल्याकडचं. १२ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री गोव्याहून हैदराबादला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानात, कॉकपिट आणि केबिन दोन्हीकडे धूर झाला. आत ८६ प्रवासी. विमान हैदराबादला सुखरूप उतरलं, एका प्रवाशाला उतरताना किरकोळ खरचटलं, बस्स. त्यासाठी इतर काही विमानं दुसरीकडे वळवावी लागली. डीजीसीएने तपास केला तेव्हा इंजिनाच्या ब्लीड-ऑफ व्हॉल्व्हमध्ये तेल सापडलं. भानगड अशी की आपण विमानात जी हवा श्वासात घेतो ती बहुतेक विमानांत इंजिनातूनच काढलेली असते, दाबलेली आणि मग थंड केलेली. सील गळून त्या वाटेत तेल आलं की तापलेल्या तेलाचा धूर थेट एसीतून आपल्यापर्यंत. त्यानंतर डीजीसीएने त्या कंपनीच्या क्यू-४०० विमानांच्या इंजिनातल्या तेलाचे नमुने दर पंधरा दिवसांनी तपासायला लावले. त्याच वर्षी २ जुलैला दिल्लीहून जबलपूरला निघालेलं त्याच कंपनीचं, त्याच जातीचं विमान केबिनमधल्या धुरामुळे पाच हजार फुटांवरूनच दिल्लीला परतलं होतं.

म्हणजे आग नव्हती. नुसता तेलाचा धूर. हे वाचून माझ्या टीममधला एक मित्र म्हणाला, "बघ, बहुतेक वेळा काही नसतंच. मग दरवेळी एवढा गोंधळ कशाला? अंदाज घेऊन ठरवायचं ना." मुद्दा बिनबुडाचा नाही. बहुतेक वेळा खरंच काही नसतं. ओव्हनमधला चिकटलेला पदार्थ, गळकं सील, धुपलेला पंखा. पण अंदाज घेणार कशावरून? तेलाच्या धुराचा पहिला मिनिट आणि स्विसएअरचा पहिला मिनिट आतून सारखाच दिसतो. स्विसएअरच्या पायलटांनीही अंदाज घेतलाच होता की, एसीचा म्हणून. चार मिनिटं त्यात गेली.

आमच्या धंद्यात हीच चूक रोज होते आणि कोणी मरत नाही म्हणून खपून जाते. मागे एका रात्री (कंपनीचं नाव नको) नवीन रिलीज टाकल्यावर दीड तासात पेमेंट अडकायला लागली. ड्यूटीवर मी. जुनं व्हर्जन परत आणायला एक बटण आणि सहा मिनिटं पुरली असती. मी चाळीस मिनिटं लॉग वाचत बसलो, कारण बग दिसतोय असं वाटत होतं, आत्ता सापडेल, अजून दोनच मिनिटं. बग सापडला, अभिमानाने चॅटवर टाकला, आणि तोवर सकाळच्या टीमला निस्तरायला काही हजार अडकलेले व्यवहार. आम्हाला शिकवलेलंच असतं की कारण शोधल्याशिवाय हात लावू नये. कॉलेजात, इंटरव्ह्यूत, सगळीकडे मार्क कारण शोधणाऱ्याला. आधी सगळं सुरक्षित जागी नेऊन ठेवणाऱ्याला कोणी हुशार म्हणत नाही. पुण्याला परत फिरवणाऱ्या त्या पायलटला मीही म्हटलं नव्हतं.

कारण शोधायला विरोध नाहीच. स्विसएअर १११ चं कारण शोधायला साडेचार वर्षं लागली. समुद्राच्या तळातून विमानाचा वजनाने ९८ टक्के भाग वर काढला, तुकडे जुळवले. कॉकपिटच्या मागे छताच्या वर वायरीत ठिणगी पडली होती आणि इन्सुलेशनच्या चकचकीत वेष्टनाने पेट घेतला होता, हे त्यातून कळलं. ते वेष्टन अमेरिकेच्या विमान नियामकांनी विमानांतून काढायला लावलं. मार्च २००३ मध्ये अहवाल आला. माझं म्हणणं एवढंच की हे काम हँगरमध्ये बसून, चहा पीत, चार वर्षं करायचं आहे. तेहतीस हजार फुटांवर दोन माणसांनी करायचं नाही.

आणि उतरणं म्हणजे चाकं टेकणं नव्हे, हेही. १९ ऑगस्ट १९८० ला सौदीचं एक ट्रायस्टार विमान मागे धूर झाल्यावर रियाधला परतलं, व्यवस्थित उतरलं, आणि लगेच थांबून दारं उघडण्याऐवजी धावपट्टीवरून पुढे चालत राहिलं. थांबल्यावरही इंजिनं चालूच राहिली. दारं उघडली तोवर सगळे ३०१ गेले होते. हे वाचलं की विमान थांबल्यावर वरच्या कप्प्यातून लॅपटॉपची बॅग ओढणाऱ्यांकडे (मीही त्यातलाच) वेगळ्या नजरेने बघायला होतं. आणीबाणीत बॅग काढायला लागणारे ते दहा सेकंद तुमचे नसतात, तुमच्या मागच्या वीस रांगांचे असतात. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उडायच्या आधीच पेटलं. वरच्या कप्प्यातली पॉवर बँक, असा तपासाचा रोख. सगळे १७६ जण बाहेर पडले, विमानाचं छत मात्र जळून गेलं. हे हवेत झालं असतं तर, असो.

बहिणीला हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तू आला नाहीस ते बरं झालं म्हणायचं का?" यावर उत्तर नव्हतं. मामाजी हसत होते.

रविवारी नागपूरहून परतीच्या विमानात बसल्या बसल्या दारापर्यंतच्या रांगा मोजल्या. पुढे सहा, मागे अकरा. शेजारचा कॉलेजातला मुलगा पॉवर बँक बॅगेत कोंबून ती बॅग वर टाकायला निघाला होता. म्हटलं, पॉवर बँक जवळ ठेव. "का?" म्हणाला. विमान धावपट्टीवर येईपर्यंत त्याला सांगत होतो. शेवटी त्याने ती समोरच्या खिशात ठेवली, "ओके काका" म्हणाला आणि हेडफोन लावले.

काका! :(